छोट्या टेबलावर बेट कधी, कॉल कधी: स्वतःचे पत्ते सगळ्यात शेवटी बघा

गेल्या वर्षभरात मला व्हॉट्सॲपवर पोकरच्या हातांचे (म्हणजे डावांचे) जेवढे स्क्रीनशॉट आले ते बहुतेक एकाच जातीचे आहेत. हातात राजा-राणी, फ्लॉपवर (टेबलावरचे पहिले तीन उघडे पत्ते) राजा, भाऊ तिन्ही वेळा बेट करतो, रिव्हरला (पाचवा, शेवटचा उघडा पत्ता) समोरचा अचानक तिप्पट रेझ मारतो, हा दहा सेकंद विचार करतो आणि कॉल. समोर फ्लश. खाली मेसेज: "काय फुटकं नशीब बघ." नशिबाचा इथे संबंधच नाही, तो रेझ आला तेव्हाच हात संपला होता, फक्त बघायला वीस-तीस बीबी (म्हणजे बिग ब्लाइंड, डाव सुरू होताना सक्तीने भरायची मोठी रक्कम) जास्त मोजले. ही आपली तीन पत्तीची खोड आहे, दिवाळीत गादीवर बसून "शो!" म्हणायची सवय लागलेली असते आणि पोकरमधला कॉल पण तसाच शो मागितल्यासारखा मारला जातो.

म्हणून हे लिहितोय. पोकरचे नियम, कुठला हात कुणाला हरवतो, ते येतं असं धरून चालतो. सगळं ऑनलाइन कॅश टेबलाबद्दल आहे, सहा जणांचं, २ सेंट-५ सेंट ब्लाइंडचं किंवा त्याच्या आसपासचं. टूर्नामेंटचं गणित वेगळं.

आधी एक गोष्ट. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा झाला त्याने पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं, पोकर त्यातच आलं. मी ब्रिटनमध्ये राहतो, इथे लायसन असलेल्या साईटवर खेळता येतं, म्हणून खेळतो. तुम्ही पुण्या-मुंबईत असाल तर फुकटच्या चिप्सवर सराव करा, आणि कुणी "परदेशी साईट आहे, चालतं" म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. फुकटच्या चिप्सवर कोणीही फोल्ड करत नाही, त्यामुळे खाली ब्लफबद्दल जे आहे ते तिथे वापरू नका, बाकीचं चालेल.

## टप्पा १: टेबलावर बसायच्या आधी

हा भाग सगळे टाळतात आणि निम्म्या चुका इथेच पेरलेल्या असतात.

पहिलं, सेटिंगमध्ये जाऊन रकमा डॉलर-सेंटऐवजी बिग ब्लाइंडमध्ये दाखवायला सांगा. ३५ सेंट दिसले की मन म्हणतं "अरे पस्तीस सेंटच तर आहेत, वडापाव पण येत नाही", आणि बोट कॉलवर जातं. तेच ७ बीबी दिसलं की विचार होतो. दुसरं, चार रंगांचे पत्ते चालू करा, म्हणजे चौकट निळी, किलवर हिरवं, बदाम लाल, इस्पिक काळं. फ्लश कुठे लागतोय ते लगेच दिसतं, बदाम आणि चौकट एकच समजून मी स्वतः एकदा अख्खा स्टॅक (टेबलावरचे माझे सगळे पैसे) घालवलाय, रात्री साडेअकराला, चष्मा न लावता.

तिसरं, बेटची बटणं आधीच सेट करा: पॉटचा तिसरा हिस्सा, दोन तृतीयांश, पूर्ण पॉट. स्लायडर ओढत बसलं की "थोडीशी" बेट होते, आणि थोडीशी बेट म्हणजे काय ते करणाऱ्यालाही माहीत नसतं.

चौथं, नेहमी १०० बीबी घेऊन बसा आणि कमी झाले की आपोआप भरतील असं ठेवा. एकूण खेळायला वेगळे ठेवलेले पैसे किमान ३० बाय-इनचे (बाय-इन म्हणजे एका वेळी टेबलावर घेऊन बसायची रक्कम) असावेत, म्हणजे ५ डॉलरच्या टेबलाला १५० डॉलर. हे पैसे गेले तरी घरातलं काही अडणार नाही असे हवेत. साईटवर डिपॉझिटची मर्यादा लावायची सोय असते, ती पहिल्या दिवशीच लावा. हरल्यावर लावणारा माणूस मी तरी बघितला नाही.

दोनपेक्षा जास्त टेबलं उघडू नका. चार टेबलं उघडली की समोर कोण बसलंय हे कळतच नाही, आणि या लेखातला अर्धा निर्णय समोर कोण आहे यावरच आहे.

तपासा: रकमा बीबीमध्ये दिसतायत? चार रंग चालू? दोनच टेबलं? तीनपैकी एक जरी नसेल तर अजून "सीट घ्या" दाबू नका.

## टप्पा २: समोरच्याला रंग द्या

जवळपास प्रत्येक साईटवर खेळाडूच्या नावापुढे रंगाची खूण आणि नोट टाकता येते. पहिले तीसेक हात फक्त बघत, कमी खेळत घालवा आणि प्रत्येकाला चारपैकी एक रंग द्या. माझी नावं घरगुती आहेत:

शो-मास्तर. रेझ न करता नुसता लिंप करत (फक्त बिग ब्लाइंडएवढे भरत) आत येतो, प्रत्येक दुसऱ्या हातात असतो, खालची जोडी घेऊन रिव्हरपर्यंत कॉल करतो. स्टॅक ६३ बीबी वगैरे विचित्र असतो आणि तो भरत नाही. छोट्या टेबलांवर तुमची कमाई याच्याकडूनच येते.

दगड. पंधरा मिनिटांत एकदा आत येतो. आला की काहीतरी घेऊनच येतो.

पेटलेला. प्रत्येक हातात रेझ, री-रेझ, कधी कधी न बघता ऑल-इन. हा बहुधा दुसऱ्या टेबलावर हरून आलेला असतो.

कामगार. नीट खेळणारा, चार-सहा टेबलं लावलेला, नेहमी १०० बीबी. याच्याशी फार भानगड नको, दोघांचेही पैसे शेवटी रेकमध्येच (साईट पॉटमधून कापते त्यात) जातात.

रंग माहीत नसेल तर नव्या माणसाला शो-मास्तर धरा. या लेव्हलवर हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, आणि चुकला तरी स्वस्तात चुकतो, कारण त्यातून ब्लफ कमी आणि चांगल्या हातावर बेट मोठी, एवढंच होतं.

सावधान: एका हातावरून रंग देऊ नका. कुणीतरी एकदा सत्ती-दुर्री घेऊन जिंकला म्हणून तो पेटलेला होत नाही, तो बिग ब्लाइंडला फुकटात बसला असेल.

## टप्पा ३: फ्लॉपच्या आधी, थोडक्यात

यावर जास्त लिहीत नाही, पण पुढची गुंतागुंत इथेच तयार होते. आत यायचं तर रेझ करून या, साधारण ३ बीबी, आधी कुणी लिंप केलं असेल तर प्रत्येकाचा एक बीबी वाढवा. स्मॉल ब्लाइंडवरून नुसता कॉल जवळपास बंद करा, पूर्ण हातभर तुम्हाला आधी बोलावं लागतं आणि समोरचा बघून ठरवतो. छोट्या जोडीने कुणाच्या रेझला कॉल करताना लक्षात ठेवा, फ्लॉपवर तिसरा पत्ता साधारण साडेआठ वेळांतून एकदाच येतो, म्हणून दोघांकडेही कॉलच्या किमान पंधरा-वीसपट स्टॅक शिल्लक असेल तरच.

## टप्पा ४: बेट करायच्या आधी दोन प्रश्न

आता मुख्य भाग. बेट करायला दोनच कारणं पुरतात:

१. माझ्यापेक्षा वाईट हात कॉल करतील.
२. माझ्यापेक्षा चांगले हात फोल्ड होतील.

"माझा हात कुठे आहे ते कळावं म्हणून बेट केली" हे कारण यात बसत नाही. "ड्रॉवाल्यांना (ज्यांचा हात बनायला अजून पत्ता हवाय त्यांना) हाकलायला" हे पण अर्धवट आहे, कारण ड्रॉवाला कॉल करून पैसे देतोय ना, मग तो पहिल्या कारणातच आला.

नियम असा करा: बेटचं बटण दाबायच्या आधी तोंडाने, खरंच तोंडाने, तीन हातांची नावं घ्या. "राजा-दश्शी कॉल करेल, राजा-नव्वी करेल, फ्लश ड्रॉ करेल." तीन नावं आली तर बेट. अडखळलात तर चेक. हे रात्री बायकोसमोर करणं जरा विचित्र दिसतं पण उपयोग होतो.

उदाहरण. तुमच्याकडे नव्व्यांची जोडी, फ्लॉप राजा, गुलाम, चौकी. समोर दगड, त्याने चेक केलं. बेट केली तर कॉल कोण करणार? राजावाला, गुलामवाला, दश्श्यांची जोडी. तिघेही तुम्हाला हरवतात. अठ्ठ्यांची जोडी फोल्ड होते. म्हणजे वाईट हात पळाले आणि चांगले राहिले, अगदी उलटा कारभार. इथे चेक. नव्व्यांना थोडी किंमत आहे, ती स्वस्तात शेवटापर्यंत पोचण्यात आहे.

### हा किती बेटांचा हात आहे?

फ्लॉपवरच ठरवा, की हा तीन बेटांचा हात आहे, दोन बेटांचा, एका बेटाचा की शून्य. नंतर ठरवलं तर मन लबाडी करतं.

शो-मास्तरासमोर राजाच्या फ्लॉपवर तुमच्याकडे राजा-राणी: तीन बेटांचा हात. तोच हात दगडासमोर: दोन, कधी एकच. एक्का-सत्ती, फ्लॉपवर एक्का: शो-मास्तरासमोर दोन, बाकीच्यांसमोर एक, मधली किंवा शेवटची बेट सोडून द्या. दोन जोड्या किंवा तिन्ही सारखे: तीन बेटा, आणि मोठ्या.

मोठ्या म्हणजे किती, ते आकड्यात बघू. तुम्ही बटणावरून (म्हणजे डीलरच्या जागेवरून, फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणारा) ३ बीबी रेझ केला, बिग ब्लाइंडने कॉल केला, पॉट ६.५. तुमच्याकडे चौक्यांची जोडी, फ्लॉप राजा, नव्वी, चौकी. प्रत्येक वेळी पॉटएवढी बेट केली तर फ्लॉपवर ६.५, पॉट १९.५ होतो. टर्नला (चौथा उघडा पत्ता) १९.५, पॉट ५८.५. रिव्हरला तुमच्याकडे ७१ उरतात, म्हणजे ऑल-इन सहज जातं. आणि प्रत्येक वेळी तिसरा हिस्साच बेट केली तर? फ्लॉपवर सव्वादोनच्या आत, टर्नला साडेतीन-चार, रिव्हरला सहा. बारा बीबी कमावून "किती हुशारीने अडकवला" म्हणत बसायचं. शो-मास्तर ४ ला कॉल करतो तसाच ६.५ ला पण करतो, त्याला जोडी लागलीय एवढंच तो बघतोय, तुमच्या बेटचा आकार बघतच नाहीये.

हळू खेळून फसवायची हौस कामगाराच्या टेबलावर ठेवा. इथे चांगला हात आला की पैसे मागा.

### ब्लफ कधी

अर्ध्या पॉटच्या ब्लफला तीनातून एकदा फोल्ड मिळावा लागतो, दोन तृतीयांशला ४० टक्के वेळा, पूर्ण पॉटला निम्म्या वेळा, तिसऱ्या हिश्शाला फक्त २५ टक्के. म्हणून एकच ब्लफ मनापासून सुचवतो: फ्लॉपच्या आधी रेझ तुमचा, समोर एकच माणूस, आणि फ्लॉप एक्का-सत्ती-दुर्री असा तीन वेगवेगळ्या रंगांचा, सुका. तिसरा हिस्सा बेट करा. त्याला काही लागलेलं नसण्याचीच शक्यता जास्त, चारातून एकदा फोल्ड मिळाला तरी बेट सुटते. कॉल आला तर थांबा. टर्नला परत, रिव्हरला परत, असं करत शो-मास्तराला "पटवायला" जाऊ नका, त्याला पटत नाही, तो शो बघायलाच आलाय.

समोर दोन किंवा जास्त लोक असतील तर ब्लफ विसरा.

तपासा: वाईट हातांची तीन नावं घेतली? हा किती बेटांचा हात ते ठरवलं? समोरचा रंग बघितला? मगच बटण.

## टप्पा ५: कॉलचा भाव

कॉल म्हणजे खरेदी. भाव न विचारता मंडईत कोणी भाजी घेत नाही, टेबलावर मात्र सगळे घेतात.

हिशोब सोपा: तुम्हाला भरायची रक्कम, भागिले तुमच्या कॉलनंतर होणारा सगळा पॉट. पॉट १०, त्याची बेट ५, तुम्ही ५ भरणार, एकूण २०. पाच भागिले वीस, २५ टक्के. म्हणजे चारातून एकदा जिंकलात तरी बरोबरी. दरवेळी भागाकार नको, हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा:

- पॉटच्या तिसऱ्या हिश्शाची बेट: २० टक्के
- अर्धा पॉट: २५ टक्के
- दोन तृतीयांश: २९ टक्के
- पूर्ण पॉट: ३३ टक्के
- दुप्पट पॉट: ४० टक्के

दुसऱ्या बाजूला तुमचे कामाचे पत्ते मोजा, म्हणजे डेकमध्ये उरलेले असे किती पत्ते आहेत ज्यांनी तुमचा हात बनतो. फ्लश ड्रॉला ९, दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेटला ८, मधला एकच पत्ता हवा असेल तर ४. पुढच्या एका पत्त्यासाठी या आकड्याला दोनने गुणा, फ्लश ड्रॉ सुमारे १८-१९ टक्के. टर्न आणि रिव्हर दोन्ही बघायला मिळणार असतील तर चारने, सुमारे ३५.

आणि इथेच सगळ्यात जास्त चुकतं. फ्लॉपवर फ्लश ड्रॉ आला की लोक ३५ टक्के धरतात आणि कॉल मारतात. पण ३५ तेव्हाच खरे जेव्हा फ्लॉपवरच ऑल-इन झालंय आणि पुढे पैसे भरायचे नाहीत. नाहीतर टर्नला तो परत बेट करणार, परत भाव मोजायचा. म्हणजे आत्ताच्या कॉलला तुम्ही १९ टक्क्यांची वस्तू विकत घेताय.

मग अर्ध्या पॉटच्या बेटला २५ लागतात आणि माझ्याकडे १९ आहेत, फोल्ड करू? नाही, लगेच नको. पॉट १० आणि बेट ५ असेल तर हिशोब सुटायला फ्लश लागल्यावर सरासरी आणखी साधारण ६ बीबी त्याच्याकडून पुढे मिळायला हवेत. शो-मास्तर ६ सहज देतो, स्टॅक पण बाकी असतो, कॉल. दगड बोर्डवर तिसरा बदाम बघून दार बंद करतो, तिथे तो कॉल बारीक होतो. आणि समोर फक्त ८ बीबी उरलेत तर मिळणार तरी कुठून, अशा वेळी थेट भाव बघा.

मधला एकच पत्ता हवा असलेला स्ट्रेट, चार पत्ते, साडेआठ टक्के. अर्ध्या पॉटला कॉल करून हे शोधणं म्हणजे शुद्ध दानधर्म.

सावधान: सगळे कामाचे पत्ते स्वच्छ नसतात. बोर्डवर जोडी असेल तर तुमचा फ्लश लागूनही फुल हाऊस समोर येऊ शकतं. हातात छक्की-पंजीचा फ्लश ड्रॉ असेल आणि तिघे जण आत असतील तर कुणाकडे तरी वरचा बदाम असू शकतो. शंका असली की नऊऐवजी सात मोजा.

अजून एक बारीक गोष्ट, रेक. छोट्या टेबलांवर साईट पॉटमधून साधारण ५ टक्क्यांच्या आसपास कापते. म्हणजे कागदावर "बरोबरी"चा कॉल प्रत्यक्षात थोडा तोट्याचा असतो. अगदी काठावर असाल तर फोल्ड. पोझिशन नसेल, म्हणजे तुम्हाला आधी बोलायचं असेल, तरीही तेच.

## टप्पा ६: टर्न किंवा रिव्हरला रेझ आला

आता त्या स्क्रीनशॉटकडे येऊ. इथे क्रम कडक पाळा: कोण, कसा खेळला, भाव काय, आणि सगळ्यात शेवटी माझे पत्ते. लोक बरोबर उलटं करतात, आधी स्वतःचा टॉप पेअर (बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी) बघतात, त्याच्या प्रेमात पडतात आणि मग बाकीची कारणं जुळवत बसतात.

एक हात पूर्ण खेळून दाखवतो. तुम्ही बटणावर, हातात इस्पिकचा राजा आणि किलवर राणी. रेझ ३, बिग ब्लाइंडला बसलेल्या दगडाने कॉल केला. पॉट ६.५. फ्लॉप बदाम राजा, किलवर नव्वी, बदाम चौकी. तुमची बेट ४, कॉल, पॉट १४.५. टर्न चौकट दुर्री, तुमची बेट १०, कॉल, पॉट ३४.५. रिव्हर बदाम सत्ती. तो चेक, तुम्ही १२ बेट, आणि तो रेझ करून ४० करतो.

कोण? दगड. पंधरा मिनिटांत एक हात खेळणारा.

कसा खेळला? दोनदा गुपचूप कॉल, तिसरा बदाम पडल्यावर चेक, आणि मग रेझ. ड्रॉ धरून आला आणि लागला, याहून सरळ गोष्ट सापडणार नाही.

भाव? पॉटमध्ये आता ३४.५ अधिक १२ अधिक ४०, म्हणजे ८६.५. तुम्हाला भरायचेत २८. एकूण ११४.५. साडेचोवीस टक्के लागतात. स्वस्त वाटतंय ना? इथेच फसायला होतं. भाव स्वस्त आहे म्हणून वस्तू चांगली होत नाही.

आता मोजा. बदामाचे दोन पत्ते घेऊन दगड कुठल्या हातांनी इथवर येईल: एक्क्याबरोबर गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी, पंजी, मग राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी, नव्वी-अठ्ठी, छक्की-पंजी. अकरा. तिन्ही नव्व्या होण्याचे तीन प्रकार, तिन्ही चौक्यांचे तीन. चौकटचा राजा-नव्वी एक. झाले अठरा हात जे तुम्हाला हरवतात. साडेचोवीस टक्के जमायचे तर त्याच्याकडे किमान सहा असे हात हवेत ज्यांना तुम्ही हरवता आणि ज्यांनी तो असा रेझ मारेल.

शोधा सहा. राजा-गुलाम, राजा-दश्शी? ते चेक-कॉल करतील, रेझ कशाला करतील. फसलेला ड्रॉ? या फ्लॉपवर स्ट्रेटचा ड्रॉ म्हणजे राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, सगळे एकाच पत्त्यावर लटकलेले, आणि टर्नला पॉटच्या दोन तृतीयांश बेटला दगड चार पत्त्यांसाठी कॉल करत नाही. म्हणजे सहा सोडा, दोन सापडायची मारामार. फोल्ड.

आणि माझे पत्ते? हो, टॉप पेअर, चांगला किकर (जोडीसोबतचा दुसरा पत्ता). पण हातात एकही बदाम नाही. तुमच्याकडे बदाम राणी असती तर त्याचे राणीवाले दोन फ्लश यादीतून गेले असते. इथे तेही नाही.

खरं सांगायचं तर चूक रेझच्या आधीच झाली. दगडासमोर हा दोन बेटांचा हात होता, तिसरा बदाम पडल्यावर रिव्हरला तुम्ही चेक करून फुकटात पत्ते उघडायला हवे होते. १२ बेट केली तेव्हा वाईट हातांची तीन नावं घेतली होती का?

समोर पेटलेला असता तर? तोच रेझ, तोच भाव, पण त्याने टर्नला काहीही घेऊन कॉल केलेला असू शकतो, सहा काय दहा हात सापडतील. तिथे कॉल. म्हणजे पत्ते तेच, बोर्ड तोच, उत्तर उलटं, म्हणून "राजा-राणीला इथे काय करायचं" हा प्रश्न मला पाठवू नका, समोरच्याचा रंग पाठवा.

शो-मास्तराचा रेझ आला तर तो दगडापेक्षाही खरा माना. जो माणूस आयुष्यभर कॉल करतो तो रेझ करतो तेव्हा त्याच्याकडे दोन जोड्यांच्या खाली सहसा काही नसतं.

तपासा: साईट जादा वेळ देते ती इथे वापरा. मी खुर्चीला मागे टेकतो आणि माऊसवरचा हात काढतो. हात माऊसवर असला की बोट आपोआप कॉलवर जातं, हे मी गमतीत म्हणत नाहीये.

### नुसत्या बेटला रिव्हरला कॉल

रेझ नाही, नुसती बेट आली आणि तुमच्याकडे मधला हात आहे, जोडी वगैरे. विचारा: कुठले ड्रॉ फसले? फ्लॉपवर दोन बदाम होते आणि तिसरा आलाच नाही, तर ब्लफचे हात यादीत आहेत, पेटलेल्याला आणि कधी कधी कामगाराला कॉल द्या. बोर्डवर ड्रॉ नव्हताच, एक्का-सत्ती-दुर्री सारखा सुका, आणि दगड रिव्हरला पॉटएवढी बेट करतोय, तर तो ब्लफ कशाचा करणार? तुमची जोडी सोडा. शो-मास्तर तीन वेळा कॉल करता करता अचानक स्वतःहून मोठी बेट करतो तेव्हाही तसंच.

"त्याने दाखवायला लावलं पाहिजे, सारखा दादागिरी करतोय" हे कारण यादीत नाही.

## टप्पा ७: उठल्यावर

खेळून झालं की फक्त पाच हात काढा, तेही रिव्हरला कॉल केलेले किंवा मोठी बेट केलेले. जिंकलेले पण घ्या, कारण चुकीचा कॉल करून जिंकलेला हात सगळ्यात जास्त बिघडवतो, तो पुढच्या महिनाभर आठवत राहतो. इक्विलॅब नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात समोरच्याला द्यायचे हात टाकले की तुमचे टक्के निघतात. खेळता खेळता सॉल्व्हर (योग्य चाल काढून देणारं सॉफ्टवेअर) उघडून उत्तर बघणं मात्र साईटच्या नियमात बसत नाही, सापडलात तर खातं बंद होतं. अभ्यास उठल्यावरच.

वहीत पाच रकाने करा: कोण, कसा खेळला, भाव, हरवणारे हात, हरणारे हात. सहावा रकाना निकालाचा करायचा मोह होईल, तो मुद्दाम ठेवू नका. आठवडाभराच्या निकालाने काहीच कळत नाही, नीट खेळूनही मी सलग आठ बाय-इन खाली गेलोय आणि वाट्टेल तसं खेळून एका रात्रीत पाच वर आलोय.

दोन आठवडे हे करा, आणि मग स्क्रीनशॉट पाठवायचा असेल तर वहीच्या पानाचा पाठवा, टेबलाचा नको. पाचवा रकाना रिकामा असेल तर पाठवायचीही गरज नाही.